आईचे गुडघे दुखतात आणि सकाळी बोटं आखडतात: नेमकं कशामुळे, आणि आराम कशाने पडेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६२. दोन्ही गुडघे तीन-चार वर्षांपासून दुखतात, जिना उतरताना जास्त. एक्स-रे बघून ‘गॅप कमी झालाय’ असं सांगितलंय. रक्तात यूरिक ॲसिड ७.१ आलंय, ड जीवनसत्त्व कमी आहे. गेले दोन महिने सकाळी हाताची बोटंही आखडलेली असतात. कोणी म्हणतं चालणं बंद करा, कोणी म्हणतं रोज चाला. सांधे दुखतात कशाने आणि करायचं काय?

मी सांधेविकारांची डॉक्टर आहे. पंचवीस वर्षं हेच रुग्ण तपासते आहे. तुम्ही गुडघ्यांबद्दल बरंच लिहिलंय आणि बोटांबद्दल एकच ओळ. मला काळजी त्या एका ओळीची वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आईची बोटं सकाळी किती वेळ आखडलेली असतात? दहा-पंधरा मिनिटांत मोकळी होतात, की अंघोळ, चहा, सगळं आवरेपर्यंत मूठ नीट मिटत नाही? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारते आणि बहुतेकांनी त्याचा कधी विचारच केलेला नसतो. सांधेदुखीचे दोन मोठे गट या एका प्रश्नावर बऱ्यापैकी वेगळे होतात. झिजेच्या दुखण्यात आखडलेपणा थोडा वेळ असतो, सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो, आणि दुखणं वापराने वाढतं. म्हणजे सकाळ बरी जाते आणि संध्याकाळी सांधा ठणकतो. सुजेच्या दुखण्यात उलटं. रात्रभर सांधा स्थिर राहिला की तो अधिकच आखडतो, सकाळचा तास-दीड तास सगळ्यात वाईट जातो आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटतो.

मराठीत आपण दोन्हीला सरसकट ‘संधिवात’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. झिजेचा संधिवात आणि आमवात हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात सांध्यातली कूर्चा, म्हणजे लोक ज्याला गादी म्हणतात ती, पातळ होत जाते. दुसऱ्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते. पहिल्यात महिना-दोन महिने उशीर झाला तर फारसं बिघडत नाही. दुसऱ्यात बिघडतं, कारण हाडं कुरतडली जाण्याचं काम पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकतं आणि एकदा कुरतडलेलं हाड औषधाने भरून येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बोटांचा नेमका कोणता सांधा दुखतोय. हात समोर धरायला सांगा. नखाजवळच्या शेवटच्या सांध्यावर हाडासारख्या कडक गाठी असतील, किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर ती बहुधा झीज आहे. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये हे फार दिसतं. दिसायला त्रासदायक वाटतं, पण त्याने हात सहसा निकामी होत नाही. मूठ वळल्यावर जे उंचवटे वर येतात ते सांधे, बोटांचे मधले सांधे आणि मनगटं, तेही दोन्ही हातांची, अशी तक्रार असेल तर आमवाताचा संशय घ्यावाच लागतो. तो सांधा आपल्या दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरून बघा. झिजेची गाठ दबत नाही. आमवाताची सूज रबरासारखी किंचित दबते आणि दाबल्यावर दुखतं. हात मिळवताना कोणी पंजा जरा आवळला आणि कळ आली, तर तीही खूण समजा.

एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची अंगठी गळ्यातल्या साखळीत अडकवलेली होती. बोटातून निघेना म्हणून सोनाराकडून कापून काढली होती. सात महिने त्या फक्त गुडघ्यांसाठी दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या घेत होत्या. वयोमानाने होतंच, असं त्यांनाही वाटत होतं आणि तपासणाऱ्यांनाही. हात कोणी बघितलेच नव्हते. त्या कापलेल्या अंगठीत निदान होतं. तुमच्या आईच्या बोटांना दोनच महिने झालेत, म्हणून मी एवढ्या आग्रहाने लिहिते आहे.

आमवाताचा संशय असेल तर रक्ताच्या तपासण्या होतात: ईएसआर आणि सीआरपी (शरीरात सूज किती आहे ते दाखवणाऱ्या), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (स्वतःच्या शरीरावर उलटलेली प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या). त्यांच्याबद्दल एक नीट समजून घ्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही, असं होत नाही. आमवाताच्या साधारण चारपैकी एका रुग्णात तो निगेटिव्हच असतो. उलट, काही निरोगी माणसांत, विशेषतः वय वाढल्यावर, तो पॉझिटिव्ह येतो. निदान सुजलेल्या सांध्यावर होतं, रिपोर्ट त्याला आधार देतो. आणि निदान झालंच तर घाबरू नका. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर बहुतेक लोक कामाला लागतात. फक्त मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्या आणि घरच्या दुसऱ्या कोणाला तरी तो माहीत असू द्या. घरात कोणी सिगारेट-विडी ओढत असेल तर तेही सांगते: धूम्रपानाने आमवात होण्याची शक्यता वाढते आणि औषधंही कमी लागू पडतात.

आता गुडघे. तुमचं वर्णन झिजेचंच वाटतं. ‘गॅप कमी झालाय’ याचा अर्थ काय? एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. त्यामुळे दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती खरं तर कूर्चेची जाडी असते. जागा कमी म्हणजे कूर्चा पातळ. फिल्म उभं राहून काढली असेल तरच त्या गॅपला अर्थ आहे, झोपून काढलेली फसवते. पण दुखणं आणि एक्स-रे यांचा मेळ नेहमी बसत नाही. गॅप जवळजवळ संपलेली माणसं आरामात फिरताना मी पाहते आणि जराशी झीज असलेली माणसं रडवेली होऊन येतात. याचं कारण असं की कूर्चेत मज्जातंतू नसतातच. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचे बंध आणि थकलेले स्नायू. गादी परत जाड करता येत नाही, पण दुखणाऱ्या बाकी सगळ्या गोष्टींवर काम करता येतं. म्हणून एक्स-रे बघून धीर सोडू नका.

‘वंगण संपलं’ हाही असाच एक शब्द. झिजलेल्या गुडघ्यात पाणी बरेचदा कमी नसतं, उलट वाढलेलं असतं, म्हणून तर गुडघा भरून येतो. कूर्चेला रक्तवाहिन्याही नसतात. तिचं पोषण त्या सांध्यातल्या द्रवातून होतं आणि ते स्पंजसारखं होतं: पाऊल टाकलं की ती दाबली जाते, उचललं की द्रव आत ओढून घेते. चालणं बंद केलं की हे थांबतं. शिवाय मांडीचे स्नायू वाळतात, आणि गुडघ्याला बसणारा धक्का शोषून घेण्याचं काम त्यांचंच असतं. दुखतं म्हणून बसायचं, बसल्याने स्नायू कमजोर, स्नायू कमजोर म्हणून आणखी दुखायचं, या चक्रात अडकलेले रुग्ण मी रोज बघते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: चालायचं. सपाट जमिनीवर, मऊ तळाच्या बुटांत, सुरुवातीला दहा मिनिटं सकाळी आणि दहा संध्याकाळी चाललं तरी पुरे.

पण नुसतं चालून मांडी बळकट होत नाही, त्यासाठी वेगळा व्यायाम लागतो. आईला पलंगावर पाय सरळ करून बसवा. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा. आता त्या गुंडाळीला गुडघ्याने खाली दाबायला सांगा. मांडीचा पुढचा भाग टणक झाला आणि वाटी किंचित वर सरकली तर बरोबर जमतंय. पाच ते दहा अंक मोजायचे, श्वास रोखायचा नाही, सोडायचं. एका पायाला असं दहा वेळा, मग दुसऱ्याला. दिवसातून दोन-तीनदा. हे सहज व्हायला लागलं की एक पाय गुडघ्यात वाकवून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि तसाच धरायचा. त्यानंतरचा टप्पा म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं. धपकन बसायचं नाही, कारण खाली येतानाच स्नायूला खरी मेहनत पडते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. सुरुवातीला उंच खुर्ची घ्या, मग हळूहळू कमी उंचीची.

व्यायाम करताना थोडं दुखतं, आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. मी त्यांना एक खूण सांगते. सहन होईल इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर व्यायाम निम्म्यावर आणा, पण बंद करू नका. पहिले दोन-तीन आठवडे काहीही फरक वाटणार नाही. सहा ते आठ आठवड्यांनी जिना उतरताना कळतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण तिसऱ्या आठवड्यात सोडून देणारे फार असतात.

वजन जास्त असेल तर त्याचा हिशेब सोपा आहे: १ किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने हलका होतो. पाच किलोही पुष्कळ आहेत, आदर्श वजन गाठायची वाट बघू नका. काठी घ्यायची असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा अर्धा फायदा घालवतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उकिडवं बसणं आणि खूप खोल, बुटक्या आसनावरून उठणं शक्यतो टाळा. शेक की बर्फ, असं सगळेच विचारतात. आखडलेल्या सांध्याला शेक, गरम आणि ताज्या सुजेला बर्फ, दोन्ही मध्ये कापड ठेवून पंधरा-वीस मिनिटं. दोन्हींनी तात्पुरता आराम मिळतो, तो घ्यावा.

गुडघ्याचं दुखणं गुडघ्यातच असतं असंही नाही. एका गृहस्थांच्या गुडघ्याचे तीन एक्स-रे झाले होते आणि तिन्ही चांगले होते. मी त्यांना उताणं झोपवलं, पाय वाकवून खुब्यातून जरा आत फिरवला आणि ते कळवळले. गुडघा तर मी दाबलाही नव्हता. दुखणं खुब्याचं होतं. खुब्याची कळ जांघेत येते आणि मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. आईला बूट-मोजे घालताना किंवा गाडीत बसताना जांघेत दुखतं का, हे विचारा.

यूरिक ॲसिड ७.१ आलं म्हणून गाऊट, म्हणजे यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार, झाला असं होत नाही. यूरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेक लोकांना गाऊट कधीच होत नाही. गाऊटचा झटका ओळखता येतो: बहुधा मध्यरात्री, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, काही तासांत सांधा लालभडक होतो आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत तो पूर्ण शमतो, मग काही महिन्यांनी परत. जिन्यावर तीन वर्षं कुरकुरणारे गुडघे हे गाऊटचं वर्णन नव्हे. झटका कधीच आलेला नसेल तर नुसत्या आकड्यासाठी सहसा गोळी लागत नाही. मात्र मूत्रपिंडाची तपासणी करा आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कोणती ते डॉक्टरांना दाखवा. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी यूरिक ॲसिड वाढतं. आणि कडधान्यं, पालेभाज्या बंद करू नका. त्यांच्यामुळे गाऊटचा धोका वाढत नाही. वाढतो तो दारूमुळे, विशेषतः बिअरमुळे, लाल मांस, कलेजीसारखे अवयव आणि गोड शीतपेयांमुळे. ज्यांना खरोखर वरचेवर झटके येतात त्यांनी मात्र यूरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवणारी गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते. झटका आला म्हणून चालू असलेली गोळी थांबवायचीही नसते.

ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढाच, तिच्यामुळे हाडं ठणकतात आणि मांड्या कमजोर होतात. पण त्याने झिजलेला गुडघा बरा होईल अशी आशा धरू नका. आठवड्याला एक घ्यायचा मोठा डोस रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं, तेवढं जपा.

बाकीची कारणं भराभर सांगते. थायरॉइड कमी असेल तर अंग आणि सांधे दुखतात, ती तपासणी आईची झाली नसेल तर करून घ्या. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडून गोठल्यासारखा होतो. तो सुटायला वर्ष-दोन वर्षं लागतात, पण बहुतेकांचा सुटतो. चिकनगुन्यासारख्या तापानंतर सांधे काही महिने दुखू शकतात. त्वचेवर सोरायसिस असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण त्याचाही वेगळा संधिवात असतो. आणि घरातल्या तरुण माणसाची कंबर पहाटे दुखून जाग येत असेल, उठून हिंडल्यावर बरं वाटत असेल, तर ते ‘बसून बसून झालं’ म्हणून सोडू नका. तो मणक्याचा सुजेचा संधिवात असू शकतो.

औषधांत मी गुडघ्यासाठी आधी वरून लावायची डायक्लोफिनॅकची जेल सुचवते, दिवसातून तीन-चार वेळा. तिचा खरंच उपयोग होतो आणि तिच्यातलं औषध रक्तात फारसं उतरत नाही. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या दुखणं वाढलेल्या काही दिवसांपुरत्या ठीक, महिनोन्‌महिने नकोत. साठीनंतर त्या जठरात रक्तस्राव करू शकतात, मूत्रपिंड बिघडवू शकतात, रक्तदाब वाढवतात, हृदयावरही ताण आणतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या मनाने एकही घेऊ नका. एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांच्या वेदनाशामक गोळ्या घेणारे बरेच असतात, आईच्या डब्यात एकदा डोकावा. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे, पण झिजेच्या दुखण्यात त्याचा गुण थोडाच येतो. ग्लुकोसामाइनवर लोक वर्षानुवर्षं खर्च करतात. बहुतेक चांगल्या चाचण्यांमध्ये ते खोट्या गोळीपेक्षा फारसं सरस ठरलेलं नाही. गुडघ्यातल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. व्यायाम सुरूच करता येत नसेल इतकं दुखत असेल तेव्हा ते कामाला येतं, पण वरचेवर घेतलं तर कूर्चेला बाधू शकतं.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगते. दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे करणारी, नाव-घटक न लिहिलेली पुडी किंवा गोळी कोणी दिली तर ती घेऊ नका. तिच्यात अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. १९४८ साली फिलिप हेंच या डॉक्टरांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं काही दिवसांत चालायला लागली. त्या कामाला १९५० चं नोबेल मिळालं. पण मोठ्या डोसात ते चालू ठेवलं की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हे लवकरच लक्षात आलं. आम्ही आजही स्टिरॉइड वापरतो, पण मोजून, थोड्या काळासाठी आणि रुग्णाला सांगून. आई असं काही आधीपासून घेत असेल तर ते एकदम बंद करू नका, एकदम थांबवल्याने माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

ऑपरेशनचा विचार तुम्ही केलेला नाही, आणि आत्ता करायचं कारणही दिसत नाही. तीन-चार महिने नीट व्यायाम करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात फिरणं जड जात असेल, तर मात्र सांधेबदलाला घाबरू नये. दहापैकी साधारण आठ कृत्रिम गुडघे २५ वर्षं टिकतात. नुसता एक्स-रे बघून ऑपरेशन ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजला, ताप आहे आणि हलवताच येत नाही. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर काही दिवसांत कूर्चा नष्ट होते. पडल्यावर पायावर भार देता येत नसेल तरी तेच. आणि दुखण्यासोबत वजन घटत असेल किंवा कुठल्याही स्थितीत रात्रभर ठणकत असेल, तर तेही लांबणीवर टाकू नका.

उद्यापासून एक करा. आई उठली की घड्याळ बघा आणि तिची मूठ पूर्ण मिटेपर्यंत, बाटलीचं झाकण तिला पूर्वीसारखं उघडता येईपर्यंत किती मिनिटं जातात ते वहीत लिहा. सात दिवस रोज सकाळी लिहा. बोटं सुजलेली दिसली तर त्याच वेळी उजेडात दोन्ही हातांचा फोटो काढून ठेवा, कारण दुपारी डॉक्टरांसमोर बसेपर्यंत सूज बरेचदा ओसरलेली असते. ती मिनिटं रोज अर्ध्या तासाच्या वर जात असतील, किंवा मुठीच्या उंचवट्यांवर मऊ सूज लागत असेल, तर वही आणि फोटो घेऊन याच महिन्यात सांधेविकारतज्ज्ञाकडे जा. पंधरा मिनिटांच्या आत बोटं सुटत असतील तर एवढी घाई नाही. टॉवेलच्या गुंडाळीचा व्यायाम मात्र दोन्ही बाबतींत उद्याच सुरू करा.